अवसेला न रडणारं बाळ

कमळा तांबट आळीत शिरली, की बायका ओट्यावरची तान्ही पोरं उचलून आत न्यायच्या. तोंडावर कुणी काही बोलत नसे. "दूध पाजायचंय बाई," एवढंच म्हणायच्या, आणि पोर तर नुकतंच पिऊन तट्ट झालेलं असायचं. कमळाला यातलं सगळं कळे. ती हसून पुढे जाई, घरात शिरून पिशवी खुंटीला अडकवी आणि चहा होईपर्यंत कुणाशी बोलत नसे.

बायकांचंही पुरतं चुकत होतं असं नाही. कमळाचं कामच पोरांमधलं उणं शोधायचं होतं. मान न धरणारं, बसायच्या वयात बसत नसलेलं, हाक मारली तरी न बघणारं, एका बाजूची मूठ सदा घट्ट मिटून ठेवणारं, अशी सगळी पोरं तिच्या वाट्याची. आता जिच्या नजरेस दुसऱ्याच्या बाळाचं फक्त उणं पडतं, तिच्यासमोर आपलं गोंडस बाळ कोण ठेवील? आळीनं सरळ हिशेब मांडला होता. कमळानं पाहिलं, की काहीतरी निघतं. तेव्हा तिनं पाहूच नये.

हे शिक्षण तिनं मुंबईत घेतलं. चौऱ्याहत्तर साली मॅट्रिक होऊन ती घरी बसली होती. परळच्या मावशीनं निरोप धाडला, की इथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात बाळांच्या वाढीचं काही शिकवतात, मुलींना घेतात, पाठवून द्या. आई नव्हती. वडील रंगनाथ तांबट, सगळी आळी त्यांना अण्णा म्हणे. उभा जन्म तांब्यावर हातोडा चालवून त्यांचे कान निम्मे गेले होते. मावशीचा निरोप त्यांना अर्धाच ऐकू आला आणि तेवढ्यालाच ते हो म्हणाले. थोरला भाऊ निवृत्ती कुरकुरला, पण मुंबईच्या गाडीत बसवायला तोच गेला. दोन वर्षांनी कमळा परत आली ती तान्ह्या पोरांचे हातपाय कसे धरावेत, जीभ हलत नसेल तर चमचा तोंडात कुठे टेकवावा, डोळा वस्तूमागे फिरतो की नाही हे कसं पाहावं, असलं काहीबाही शिकून. गंगापूर रोडला एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी आपल्या बंगल्याच्या खालच्या दोन खोल्यांत अशा मुलांसाठी केंद्र काढलं होतं. तिथे ती लागली. आठवड्यातले काही दिवस केंद्रात, बाकीचे दिवस एस.टी.नं खेडोपाडी.

लग्नाची दोन-तीन स्थळं येऊन गेली. मुलगी काय करते, या प्रश्नाला निवृत्ती खरं उत्तर द्यायचा, आणि पोहे खाऊन मंडळी उठायची. तसल्या पोरांना रोज मांडीवर घेणारी सून आणली, तर घरात तसलंच पोर जन्माला येईल, ही भीती. एकानं तर ती बोलूनही दाखवली. कमळाला तेव्हा हसू आलं होतं, राग बऱ्याच उशिरानं आला.

कामात मात्र ती हाडाची तांबटीण होती. खेड्यात एखाद्या घरी गेली, की आधी जमिनीवर बसायची, दिलेला चहा प्यायची, आणि बाळाला गोधडीवर सोडायला सांगून नुसती बघत राहायची. मग पिशवीतून लोकरीचा लाल गोंडा निघे, वाटी-चमचा निघे, चुरगळला की कुरकुर वाजणारा कागद निघे. शेवटी आईला सांगायची, "तांबं मऊ आहे तोवर वळतं. नंतर ठोकलं तर तडकतं. पोरांचंही तसंच असतं. जे करायचं ते पहिल्या एक-दोन वर्षांत." आणि उशीर करून आलेल्या आईला ती बोलायची. चांगलंच बोलायची. "इतके दिवस काय केलंत?" हा तिचा ठरलेला सवाल होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, की अगं, जरा बेतानं. पण कमळाला वाटे, पोराचा वेळ गेलाय, तो बेतानं गेलाय का?

ऐंशीच्या श्रावणात निवृत्तीच्या बायकोला, लताला, मुलगा झाला. सिन्नरची ही मुलगी या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. तीन वेळा तिची कूस भरून रिकामी झाली होती. आळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला तिच्याकडे तिरप्या डोळ्यांनी बघून झालं होतं, निवृत्तीला दुसरं लग्न कर म्हणून सांगूनही झालं होतं. अण्णांनी तेव्हा हातोडा खाली ठेवून एकच वाक्य उच्चारलं, की या घरात दुसरी सून येणार नाही. त्यानंतर हे बाळ आलं. अण्णांच्या वडिलांचं नाव त्याला ठेवलं, नाथा.

बारशानंतर दोन-चार दिवसांनीच लतानं कमळाला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"वन्सं, एक मागायचंय."

"मागा की वहिनी."

"याच्याकडं आत्या म्हणून बघायचं. तुमच्या कामाच्या डोळ्यांनी बघायचं नाय. ते वाटी-चमचे, ते गोंडे, काय नको. माझ्या बाळाला तपासायचं नाय."

"अहो, पण तपासण्यात वाईट काय आहे?"

"वाईट काय नाय. पण मला भ्या वाटतं. शपथ घ्या."

आणि तिनं कमळाचा हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवला. टाळू मऊ होती, हाताखाली धडधडत होती. कमळा शिकलेली, असल्या शपथांना हसणारी. पण त्या मऊ डोक्यावर हात असताना तिला हसता आलं नाही. तिनं शपथ घेतली.

आता तांबट आळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळी दिवस वर आला की या आळीत ठोके सुरू होतात. कुठे हंड्याचं पोट काढतात, कुठे घंगाळाचा काठ वळवतात, कुठे तयार भांड्यावर बारीक ठोके मारून चकाकी आणतात. घर मागे आणि दुकान पुढे, त्यामुळे ठोके घरातच. पाहुणा आला तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत जातो. इथली पोरं मात्र पोटात असल्यापासून हे ऐकतात आणि ठोक्यांच्या तालावर झोपतात. दुसऱ्या आळीतली आई बाळ झोपलं की दार हळू लावते. तांबट आळीतल्या आईचं उलटं आहे. ठोके थांबले, की तिचं बाळ जागं होतं.

आणि ठोके थांबतात अवसेला. अमावास्येला तांबट हातोड्याला हात लावत नाही, वाडवडिलांपासूनची रीत आहे. आख्खी आळी त्या दिवशी गप्प असते आणि आख्ख्या आळीतली तान्ही पोरं किरकिर करतात. झोळीत घातलं तरी झोपत नाहीत, थोपटलं तरी झोपत नाहीत. बायका म्हणतात, अवस बाधते. मग मीठमोहऱ्या ओवाळतात, काजळाची तीट मोठी करतात, आणि दुसऱ्या दिवशी हातोडे सुरू झाले की पोरं गपगार झोपतात. अवस उतरली, असं म्हणून बायका मोकळ्या होतात. एवढी वर्षं त्या आळीत काढून कमळालाही यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. रोजच्या वाटेवरचा दगड कोण बघतं?

नाथाला अवस बाधत नसे. पहिल्या अवसेपासून तो झोळीत शांत झोपे. शेजारच्या लंकाबाई, ज्यांनी आळीतली निम्मी पोरं न्हाऊमाखू घातली होती, त्या म्हणायच्या, "देवाचं देणं आहे हो लता. इतकी वर्षं थांबायला लावलं, पण पोर दिलं ते राखण बसवूनच दिलं." ठोक्यांचंही तेच. दुकानात मोठा हंडा घडत असताना नाथा डोळे मिटून पडे, आणि अण्णा छाती फुगवून गिऱ्हाइकाला सांगत, की हे खरं तांबटाचं पोर. घरात सगळेच मोठ्यानं बोलत, अण्णांना तर दोनदा हाक मारावी लागे. हाकेला ओ न देणं ही त्या घरात काही नवलाची गोष्ट नव्हती.

पौषातली अवस आली. संक्रांतीचे तिळगूळ अजून डब्यात होते. कमळाला घसा धरल्यामुळे ती कामावर गेली नव्हती. दुपारी लता धुणं घेऊन मागे गेली. आळी सुन्न होती. पलीकडून लंकाबाईंच्या नातवाचं रडणं, समोरून आणखी एका पोराचं, त्याच्यापुढे आणखी एक. कमळा चटईवर पडून ते ऐकत होती आणि सहज तिच्या मनात आलं, की ही पोरं अवसेला नाही रडत, शांततेला रडतात. रोजचा आवाज गेला म्हणून बिचारी बावरतात. स्वतःच्या हुशारीचं तिला कौतुक वाटलं. उद्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं, असंही तिनं ठरवलं.

मग तिची नजर झोळीकडे गेली. नाथा झोपला होता.

ती उठून बसली. ज्या पोराला शांतता झाल्याचं कळत नाही, त्याला आवाज तरी कळत होता का? तिनं तो विचार तिथल्या तिथे दाबला. एखादं पोर गाढ झोपेचं असतं. झोळीत जास्त ऊब असते. तिला तापाची कणकण होती, तापात माणसाला काहीही सुचतं. लता धुणं वाळत घालून आली तेव्हा कमळा भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि झोपल्याचं सोंग करत होती.

त्या दिवसापासून तिला घोर लागला. तपासायचं नाही, ही शपथ. पण डोळे काही शपथ मानत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात तिला दिलासा मिळाला. अण्णा पुढे ऐरणीवर मोठं काम करत होते, नाथा आत फरशीवर पालथा पडला होता, आणि ठोका पडला की त्यानं मान वर केली. पुन्हा ठोका, पुन्हा मान. कमळाच्या जिवात जीव आला. तिनं त्याला उचलून त्याचे इतके मुके घेतले, की लता म्हणाली, "काय झालं वन्सं आज?" त्या रात्री ती पोटभर जेवली. पण नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या तिला आठवलं, की मान वर होते ती फरशीवर असतानाच. झोळीत असताना नाही, कडेवर असताना नाही. फरशीला ठोक्याचा हादरा बसतो. त्याला पोटानं कळत असेल. आणि मग झोप गेली ती गेलीच.

सांगायचं कुणाला? निवृत्तीला सांगावं तर तो लताशी बोलणार. अण्णांना सांगावं तर आधी ओरडून सांगावं लागेल, म्हणजे आळीला सांगितल्यासारखंच. आणि लताला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तीन गेली आणि चौथं राहिलं, त्याच्यातही उणं आहे? आळीतल्या बायका काय म्हणतील तेही तिला पाठ होतं. आत्याचीच नजर लागली, तिनंच बाहेरचं घरात आणलं. पण हे सगळं झाकायला होतं. खरी भीती वेगळी होती. तिला शपथेची भीती वाटत होती. तपासलं नाही तोवर नाथा बरा आहे, तपासलं की तो बहिरा होईल, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं होतं. ज्या बायकांना ती अडाणी म्हणायची, त्यांच्या रांगेत ती आपण होऊन जाऊन बसली होती. आणि हे तिला दिसत होतं, हे त्याहून वाईट.

माघात केंद्रावर सटाण्याकडची एक बाई आली. चिमणाबाई. बरोबर पाच वर्षांचा मुलगा, अंगापिंडानं धडधाकट, डोळे चलाख. आईचा पदर ओढून तो बोटानं खुणा करत होता. घशातून नुसता एक आवाज.

"ताई, मना पोऱ्या बोलस नही," चिमणाबाई म्हणाली. "लोके म्हनतस, उशिरा बोलनारा शे."

कमळानं त्याला पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. कानाला यंत्र लावता येईल, ओठ वाचायला शिकवता येईल, पण बोलीचे पहिले दिवस कोरडेच गेले होते. तिच्या तोंडात तो ठरलेला सवाल आला. "इतके दिवस काय..." एवढं म्हणून ती थांबली.

"आमले कोनी सांगंच नही, ताई," चिमणाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. तिला फक्त सांगायचं होतं. "सांगं असतं तर मी काय आनतू नही का त्याले?"

कमळा उठून मागच्या खोलीत गेली आणि माठातलं पाणी प्यायली. बाहेर येऊन तिनं त्या मुलाला जितकं दाखवता येईल तितकं दाखवलं, मुंबईचा पत्ता दिला, आणि चिमणाबाईला एका शब्दानंही बोलली नाही. डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई सुधारली.

घरी जाताना तिनं ठरवलं, आज सांगायचं. दाराशी आली, तर लता ओट्यावर नाथाला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगत होती. नाथा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता आणि हसत होता. "बघा वन्सं, सगळं समजतं याला," लता म्हणाली. कमळा "हो ना," म्हणाली आणि आत गेली. माघातल्या अवसेला तर ती मुद्दाम दिंडोरीकडच्या खेड्यांना गेली. घरी राहिली असती तर शांततेत झोळीकडे बघावं लागलं असतं. एस.टी.च्या खिडकीशी बसून ती सगळी वाट स्वतःला बजावत होती, की अजून लहान आहे, अजून लहान आहे. हेच वाक्य आया तिला ऐकवायच्या आणि ती त्यांना झाडायची.

फाल्गुन सरत आला तशी आळीत कामाची झुंबड उडाली. पाडव्याला गुढीवर उपडा घालायला घरोघर तांब्या लागतो, त्यामुळे अवसेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हातोडे थांबले नाहीत. आणि मग अवस उजाडली. इतक्या दिवसांच्या गदारोळानंतरची ती शांतता कानाला टोचत होती. निवृत्ती आणि अण्णा माल पोचवायला पंचवटीत गेले होते. लता लंकाबाईंकडे पाडव्याच्या साखरेच्या गाठी आणायला गेली. नाथा आता टेकून बसायला लागला होता. मधल्या खोलीत उशीला टेकून तो लाकडी चमचा चघळत बसला होता.

कमळानं खुंटीवरची पिशवी काढली. ती त्याच्या मागे जाऊन बसली, जरा तिरपी, त्याला दिसणार नाही अशी. हवा लागू नये म्हणून श्वास रोखला. वाटीच्या काठावर चमचा घासला, कानाच्या बाजूला, जवळ. नाथा चमचा चघळत राहिला. दुसऱ्या कानाशी. तेच. कागद चुरगळला. बाहेर लंकाबाईंचा नातू रडत होता, त्याचं रडणं इथवर येत होतं. नाथाच्या मानेवरचं जावळ हललंसुद्धा नाही. मग तिनं त्याला हाक मारली, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.

नाथा गर्रकन वळला आणि तिच्याकडे बघून खुदकन हसला.

कमळाला वाटलं, आता आपण मोठ्यानं रडणार. तिनं देवाचं नाव घेतलं, जे ती फारसं घेत नसे. आणि मग तिला समोरच्या भिंतीवर स्वतःची सावली दिसली. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं. हाक मारताना ती पुढे झुकली होती, आणि सावलीही झुकली होती. नाथा सावली हललेली पाहून वळला होता. मुंबईत पहिल्याच महिन्यात शिकवलेली चूक होती ती. ती सरकून सावली पडणार नाही तिथे बसली, पुन्हा हाक मारली, मग अण्णांना मारतात तेवढ्या मोठ्यानं. नाथानं चमचा खाली टाकला आणि तो कसा पडला ते बघत बसला.

"काय करताय, वन्सं?"

लता दारात उभी होती. हातात गाठींची माळ. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, पण तिचा चेहरा सांगत होता, की बराच वेळ.

कमळानं वाटी खाली ठेवली. सांगायचे शब्द तिनं रात्र रात्र जुळवले होते, हळुवार, वळणावळणाचे. त्यातला एकही आठवला नाही. "वहिनी, त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

गाठी लतानं फळीवर नीट ठेवल्या. मग ती नाथाच्या मागे गेली आणि म्हणाली, "नाथा." मग जरा मोठ्यानं, "नाथा." मग ती ओरडली, पुन्हा ओरडली, अशी की लंकाबाईंच्या घरात नुकतंच थोपटून झोपवलेलं पोर दचकून रडायला लागलं, समोरच्या घरातलंही लागलं. कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, काय झालं हो. नाथा पाठमोरा बसून उशीच्या अभ्र्याची शिवण बोटानं उकरत होता.

लता खाली बसली. तिला धाप लागली होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

कमळाला वाटलं, आज म्हणावं. आत्ताच कळलं म्हणावं, कुणाला काय ठाऊक आहे. तोंड उघडलंही. पण लता तिच्याकडे बघत होती, आणि केंद्रावर येणाऱ्या बायका जशा बघतात तशीच बघत होती.

"पौषाच्या अवसेला," ती म्हणाली. "खात्री नव्हती. शपथ घेतली होती मी, वहिनी."

"मी घातली होती शपथ. मी अडाणी." लताचा आवाज खाली आला. "तुम्ही कशाला पाळली?"

कमळानं वाटी-चमचा उचलून पिशवीत घातला.

"पौषात याला बसताबी येत नव्हतं," लता म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं पोर असतं, तर किती थांबला असता तुम्ही?"

"त्याच दिवशी बोलले असते."

"त्याच दिवशी," लता म्हणाली. तिनं नाथाला ओढून मांडीवर घेतलं. तो तिच्या मंगळसूत्राशी खेळू लागला. बराच वेळ ती त्याच्या कानाच्या पाळीवरून बोट फिरवत राहिली, जणू काय बिघडलंय ते तिथेच हाताला लागेल. खिडकीतून कुणीतरी डोकावलं, तर तिनं हातानंच जा म्हटलं. मग ती सरकून कमळाच्या अगदी समोर बसली, मांडी घालून, पोर पुढ्यात घेऊन.

"मग याला आपलं समजू नका, वन्सं," ती म्हणाली. "दुसऱ्याचंच समजा. मी सिन्नरहून आले, समजा. तुमची माझी ओळख नाय. आता विचारा काय विचारायचं ते, आणि सांगा काय करायचं ते."

"वहिनी..."

"वहिनी नका म्हणू."

कमळानं पदरानं तोंड पुसलं. अनोळखी आईशी बोलताना तिचा आवाज सरळ असायचा, तसा काढायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला ती सगळ्यात आधी जे विचारायची, तेच तिनं विचारलं.

"बाळाचं नाव काय?"

"नाथा," लता म्हणाली, आणि नाव ऐकून तो वर बघतो का, ते पाहायला दोघींची नजर एकदमच खाली गेली.